मदत हवी आहे : अंग बाहेर येतं, गर्भपिशवी काढली की भागेल का?

वय 63, तीन बाळंतपणं, पाळी कधीच थांबलेली. उभं राहिलं की गोळा बाहेर येतो, लघवी पूर्ण व्हायला तो आत ढकलावा लागतो. खोकताना गळत नाही. खालून (योनीमार्गे) पिशवी काढून योनीची पुढची भिंत शिवायचा सल्ला मिळालाय. पुन्हा उतरू नये म्हणून काय विचारावं? आधाराला कृत्रिम जाळी बसवावी का?

प्रतिसाद 1
दोष पिशवीचा नसतो, तिला धरणारे बंध सैल झालेले असतात. पिशवी काढली आणि योनीचा माथा (व्हॉल्ट) टांगलाच नाही, तर पुढे तोच उतरू शकतो. म्हणून पहिला प्रश्न : व्हॉल्ट कशाला बांधणार?

युटेरोसॅक्रल बंधाला (पिशवीपासून मागे कण्याच्या तळाकडे जाणारा) बांधताना मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी, मुरडू शकते. टेबलावरच सिस्टोस्कोपी (मूत्राशयात दुर्बीण घालून तपासणी) करून दोन्हीकडून लघवी येतेय ना, हे बघून घेतात. येत नसेल तर टाका तिथल्या तिथे सोडवता येतो. दुसरा पर्याय सॅक्रोस्पायनस बंध, तो कण्याच्या तळापासून कटीच्या हाडाच्या टोकेरी काट्यापर्यंत जातो. त्यात टाका या काट्यापासून सुमारे 2 सेंमी आतल्या बाजूला घेतात, कारण पुडेंडल नस (योनीभागाचा मज्जातंतू) आणि रक्तवाहिन्या काट्याला लागूनच जातात. नंतर त्या बाजूचा कुल्ला दुखतो, बहुतेकींचा सहा आठवड्यांत थांबतो. पायात सणकन कळ जात असेल तर मात्र वाट बघू नका, लगेच सांगा. या पद्धतीत माथा मागे ओढला जातो, त्यामुळे पुढून मूत्राशय पुन्हा उतरण्याचा धोका उरतो.

प्रतिसाद 2
‘गळत नाही’ यावर विसंबू नका. बाहेर आलेल्या अंगामुळे मूत्रमार्ग दुमडलेला असतो, तो सरळ झाला की गळती सुरू होते आणि मग ऑपरेशन बिघडलं असं वाटतं. आधीच मूत्राशय भरलेलं असताना गोळा आत धरून खोकून बघायला सांगा. गोळ्यावर घासून जखम झाली असेल तर ती आधी भरू द्या. इस्ट्रोजेन क्रीम चालेल का, विचारा.

प्रतिसाद 3
जाळीबद्दल : खालून बसवायच्या जाळ्यांची विक्री अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) एप्रिल 2019 मध्ये बंद करायला लावली. जाळी योनीच्या भिंतीतून उघडी पडणं, संबंधांच्या वेळी दुखणं या तक्रारी होत्या. पोटातून माथा त्रिकास्थीला (कण्याच्या तळाचं हाड) जाळीने टांगतात ती सॅक्रोकोल्पोपेक्सी वेगळी, ती अजून होते.

धागाकर्ता
पिशवी ठेवून टांगता येते?

प्रतिसाद 1
येते. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेला नसावा, पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) आणि सोनोग्राफी ठीक हवी. आणि ऑपरेशननंतर कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर किती लघवी मागे राहते ते मोजूनच घरी जा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो.