चेक्सचा शर्ट, रिकामा कप आणि दहाला पाच कमी: अमेरिकेतल्या हॉलमार्क चॅनेलचे नाताळी सिनेमे, तुमचे अनुभव सांगा

काल रात्री परत एक बघितला. नाव विचारू नका, सकाळपर्यंत मीच विसरले, त्यात ख्रिसमस हा शब्द होता एवढं नक्की. न्यूयॉर्कातल्या जाहिरात कंपनीतली हुशार मुलगी, बॉसने तिला ऐन डिसेंबरात नेमकं तिच्याच माहेरच्या गावी पाठवलेलं, तिथे वडिलांचं ख्रिसमसच्या झाडांचं शेत विकायला निघालेलं, आणि शेजारी चेक्सच्या शर्टातला सुतार, बायको वारलेली, एक सात वर्षांची अतिशहाणी मुलगी. पुढचं सांगायची गरज आहे का?

आमच्याकडे (न्यू जर्सी) हे व्यसन आईमुळे लागलं. २०१९ ला माझ्या बाळंतपणाला ती सांगलीहून आली, ऑक्टोबर ते मार्च. बाहेर थंडी, गाडी चालवता येत नाही, नवरा ऑफिसात, मी अर्धवट झोपेत, आणि मराठी चॅनेलांचं पॅकेज आम्ही घेतलेलं नव्हतं. तिने रिमोट दाबत दाबत हॉलमार्क शोधून काढला. इंग्रजी तिचं बेताचंच, पण तिसऱ्या दिवशी मला सांगायला लागली, "आता हिचा फोन वाजणार बघ." वाजला. आठवड्याभरात तिला अख्खं वेळापत्रक पाठ. आठला सुरू, साडेआठला कुकीज, नऊला गावच्या झाडावरचे दिवे लागणार, साडेनऊला गैरसमज, दहाला पाच कमी असताना बर्फ आणि किस. गैरसमज झाला की ती उठून बाळाची बाटली गरम करायला जायची, परत येईपर्यंत काही बिघडत नाही हे पक्कं ठाऊक.

मी एकदा वैतागून म्हटलं, अगं सगळे सारखेच आहेत, काय बघतेस एवढं. तर म्हणाली, साधुवाण्याची नाव बुडणार हे तुला माहीत नसतं का, तरी सत्यनारायणाला बसतेसच ना प्रसादापर्यंत.

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. तर लिहा, कोण बघतं, का बघता, काय बघून डोकं फिरतं. नावं ठेवायलाही पूर्ण परवानगी.

---

अगदी अगदी!! माझं संशोधन कॉफीच्या कपांवर आहे. त्या कागदी कपात कधीच काही नसतं. हातवारे करत बोलतात, कप आडवा होतो, थेंब सांडत नाही. आमचा आठ वर्षांचा मुलगा लगेच ओरडतो "रिकामा!" आणि मग सगळ्यांनी एकेक शेंगदाणा खायचा असा घरचा खेळ आहे, सिनेमा संपायच्या आत वाटी संपते.

दुसरं म्हणजे कोटाची बटणं. कोणीही लावत नाही. आम्ही मिनेसोटात राहतो, इथे जानेवारीत नाकातला श्वास गोठतो आणि ही बाई उघड्या गळ्याने बर्फाचे गोळे फेकत हसतेय. माझी सासू तर टीव्हीला उद्देशून "अगं मफलर" असं म्हणते.

---

बटणांचं मी सांगते. कारण तेव्हा जुलै असतो!

आम्ही ओटावाजवळ कनाटाला राहतो. तिथून अर्ध्या तासावर आल्मोंट नावाचं छोटं गाव आहे, जुन्या कापडगिरण्यांचं, नदी, धबधबा, दगडी टाउन हॉल, एक मुख्य रस्ता. बास्केटबॉल ज्याने शोधला तो जेम्स नेस्मिथ इथलाच, त्याचा पुतळा पण आहे. या गावात इतके नाताळी सिनेमे शूट झालेत की विचारू नका, म्हणजे तुम्हाला जे व्हरमाँट वगैरे वाटतं ते बऱ्याचदा आमचं कॅनडा असतं, एकतर ओंटारियो नाहीतर तिकडे व्हँकुव्हरच्या आसपासची गावं.

आम्ही एका उन्हाळ्यात पाहुण्यांना आइस्क्रीम खायला घेऊन गेलो तर रस्ता बंद. बाहेर तीस-बत्तीस डिग्री, आम्ही हाफ पँटीत, आणि समोर फुटपाथवर पांढऱ्या कापसाच्या गाद्या अंथरलेल्या, खिडक्यांच्या कडांना फेस, झाडांना कागदाचा बर्फ चिकटवलेला. एका दुकानाची पाटी बदलून बेकरी केलेली. लोकरी कोट टोपी घातलेली हिरॉइन पळत आली, कट म्हटल्याबरोबर एक मुलगी हातात छोटा पंखा घेऊन तिच्या मानेवर वारा घालायला धावली. तोच शॉट आम्ही सहा वेळा बघितला. पंधरा-वीस दिवसांत अख्खा सिनेमा उरकतात म्हणे, त्यामुळे कोणाला घाम पुसायलाही वेळ नव्हता. सासरे म्हणाले, हे म्हणजे गणपतीच्या आरासीतला कैलास झाला.

डिसेंबरात तो सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे टीव्हीला चिकटून, कथेकडे कोणाचं लक्ष, आपण मागे दिसतो का तेच शोधत होतो. नाही दिसलो. पण आइस्क्रीमचं दुकान दिसलं, त्यावर "गरम कोको" लिहिलं होतं :)

---

हसून हसून पुरेवाट, कैलास!!

---

मी थोडा खडा टाकतो. मला हे सिनेमे सहन होत नाहीत आणि त्याचं कारण कप किंवा कोट नाही. मी खरोखरच अमेरिकेतल्या छोट्या गावात राहतो, आयोवात, कारखान्याच्या नोकरीमुळे, सहा वर्षं झाली. सिनेमातल्या गावात एक बेकरी, एक पुस्तकांचं दुकान, एक सराय, एक लोहार सुद्धा असतो आणि सगळे धंदे चालतात, फक्त एक अडचणीत असतो तो मुलीच्या बापाचा. आमच्या गावात मेन स्ट्रीटवरची निम्मी दुकानं फळ्या मारून बंद आहेत, हॉटेल रात्री आठला बंद होतं, किराणा महामार्गावरच्या मोठ्या दुकानातून आणायचा. तरुण मुलं शहरात गेली ती परत आलेली नाहीत, चेक्सच्या शर्टवाला कितीही देखणा असो. गाव वाचवायला नाताळची जत्रा भरवली आणि एका रात्रीत कर्ज फिटलं हे बघून मला हसू येत नाही, राग येतो. आपल्याकडच्या सिनेमात शहरातला हिरो गावाकडे येऊन एका गाण्यात दुष्काळ हटवतो ना, तसं.

आणि शहरातला बॉयफ्रेंड कायम नालायक का? बिचारा फोनवर काम करतोय, त्याच्या पगारावर कोणाचं तरी घर चालत असेल.

(बायको बघते. मी लॅपटॉप घेऊन त्याच खोलीत बसतो. बघत नाही.)

---

वरच्या प्रतिसादाला: त्याच खोलीत बसणारे सगळे बघत असतात हो. आमचे हे पेपराआडून विचारतात, "झाडांचं शेत वाचलं का?"

---

मी वसईचा, सध्या टोरांटोत. माझा मुद्दा वेगळा आहे. नाताळ आमच्या घरचा सण, आणि या सिनेमांत मला तो सापडतच नाही. आमच्याकडे डिसेंबर लागला की आवारात गोठा करायला घ्यायचा, गवत, माती, बाळ येशू चोवीसच्या रात्रीपर्यंत ठेवायचा नाही यावरून पोरांची भांडणं, बांबूचा तारा, आई आणि आत्या रात्री जागून करंज्या आणि कलकल (तळलेले गोड शंख) करणार, फणीच्या दातांवर कलकल वळायला आम्हाला बसवणार. मग चर्चमधली मध्यरात्रीची प्रार्थना म्हणजे मिस्सा, नवे कपडे, परत येऊन सगळ्या आळीत ताटं पोचवायची, हिंदू शेजाऱ्यांकडे पहिली.

इथे बघतो तर अख्ख्या दोन तासांत चर्च एकदा लांबून दिसलं तर दिसलं, येशूचं नावही नाही. झाड, दिवे, कुकीज, लाल स्वेटर. पहिल्या वर्षी मला हे फार लागलं होतं. म्हटलं, पाळणा हलतोय आणि त्यात बाळच नाही.

पण बायको (ती कोल्हापूरची, घरी देवघर) म्हणाली, म्हणूनच तर मी बघू शकते, मला कोणी परकं म्हणत नाही त्यात. तेही खरं असेल. आम्ही आता एक तिच्यासाठी बघतो आणि चोवीसला मिस्सेला जातो. कलकल इथे काट्याच्या पाठीवर वळतो, चालतात.

---

वसईकर, याच मुद्द्यावरून तिकडे चॅनेलं फुटली. हॉलमार्क म्हणजे मुळात शुभेच्छापत्रांची कंपनी. जॉइस हॉल नावाचा (बाई नाही, बुवा) अठरा वर्षांचा पोरगा १९१० साली पोस्टकार्डांनी भरलेली बुटांची दोन खोकी घेऊन कॅन्सस सिटीला उतरला, तिथून सुरुवात. चॅनेलला हॉलमार्क हे नाव २००१ ला मिळालं आणि ऑक्टोबरपासूनच नाताळ सुरू करायचा आताचा जो प्रकार आहे त्याचा 'काउंटडाउन टू ख्रिसमस' हा बोर्ड २००९ ला लागला. पुढे काही वर्षी तर चाळीसच्या आसपास नवे सिनेमे निघाले. चाळीस! शिवाय जुलैमध्ये परत एकदा नाताळ, तो वेगळाच.

२०१९ च्या डिसेंबरात दोन नवऱ्यांचा, म्हणजे दोन नवऱ्या मुलींच्या लग्नातला किस दाखवणारी एका लग्नाच्या वेबसाइटची जाहिरात त्यांनी काढून टाकली, बोंब झाली, लगेच माफी मागून जाहिराती पुन्हा दाखवायला तयार झाले. पुढच्या महिन्यात चॅनेलचे प्रमुख बिल अ‍ॅबट बाहेर. २०२१ ला ते दुसऱ्या चॅनेलचं नाव ग्रेट अमेरिकन फॅमिली करून देव-धर्म-कुटुंब घेऊन उभे राहिले, आणि हॉलमार्कची हुकमी हिरॉइन कँडेस कॅमेरॉन ब्युरे २०२२ ला तिकडे गेली. हॉलमार्कने मात्र दोन पुरुषांची प्रेमकथा पण करून बघितली, हनुका या ज्यू सणाचे पण केले. साचा तोच, फक्त मोदकाच्या ऐवजी पेढ्याचा. मला तरी तेच आवडलं, साचा सगळ्यांना मिळाला पाहिजे.

रच्याकने (बाय द वे), दर दहा-बारा मिनिटांनी काहीतरी अर्धवट का राहतं कळलं का? जाहिरात येते. दोन तासांच्या स्लॉटमध्ये सिनेमा जेमतेम दीड तासाचा. ओठ चार इंचावर आणून ठेवायचे आणि गाद्यांचा सेल दाखवायचा. आपल्या डेली सोपवाल्यांना कोणी शिकवलं नाही, त्यांना उपजतच येतं.

---

सगळ्यात भारतीय दिसणारी मुलगी हिरॉइनची ऑफिसातली मैत्रीण असते, ती फोनवर "गो फॉर इट" म्हणते आणि गायब होते. तिच्या घरी कोण आहे, ती सुट्टीत कुठे जाते, काही नाही. मला तिचा सिनेमा बघायचाय. एवढंच.

---

+१०० मैत्रिणीला. तिला रजाच मिळाली नसणार, हिरॉइन गावी गेली ना, काम कोण करणार.

---

लिहू की नको करत होते. २०१७ ला मी मास्टर्सला आले, पहिलाच डिसेंबर. परीक्षा संपली आणि दोन दिवसांत सगळं होस्टेल रिकामं. मेस बंद, लायब्ररी बंद, पंचवीसला बस सुद्धा नाही हे मला माहीतच नव्हतं. घरी फोन करून सांगितलं की मजा चाललीये, मैत्रिणी आहेत. मॅगी होती आणि रूममेटने जाताना दिलेला तिचा नेटफ्लिक्सचा पासवर्ड होता.

त्यावर त्या वर्षी राजपुत्र आणि पत्रकार मुलीचा एक अशाच छापाचा सिनेमा आला होता. तो मी चोवीसला लावला, संपला, परत लावला. गोष्ट अगदीच बाळबोध. राजवाड्यात कोणीही कसंही घुसतं, महत्त्वाची कागदपत्रं उघड्यावर. पण त्यात कोणी वाईट बोलत नव्हतं, कोणी मरणार नव्हतं, आणि खोलीत कोणीतरी बोलत होतं. मी त्याकडे पाठ करून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. तीनदा.

त्याच्या थोडं आधीच नेटफ्लिक्सने ट्विट केलं होतं, हा सिनेमा अठरा दिवस रोज बघणाऱ्या ५३ लोकांनो, तुम्हाला कोणी दुखावलंय? सगळे खूप हसले होते. मला ते नंतर कळलं आणि कानशिलं गरम झाली. अरे कोणी दुखावलं नव्हतं, बस नव्हती.

आता नोकरी, नवरा, घर सगळं आहे. चोवीसला आम्ही आसपासच्या नवीन आलेल्या मुलामुलींना जेवायला बोलावतो, पुरी-श्रीखंड, आणि मागे असला एखादा लावून ठेवते. सगळे टिंगल करतात. उठून कोणी जात नाही.

---

तुमचा पत्ता द्या, पुरी-श्रीखंडाला येतो. आयोवाहून गाडी काढतो.

(वरचाच लॅपटॉपवाला. शेत वाचलं, बाय द वे.)

---

धागाकर्ती: किती छान लिहिताय सगळे! आईला काल व्हिडिओ कॉलवर प्रतिसाद वाचून दाखवले. साचा, मोदक यावर खूश. पुरी-श्रीखंडवालीला "चांगलं करतेस गं बाई" असा निरोप आहे. आल्मोंटचं ऐकून मात्र गप्प झाली. म्हणाली, म्हणजे तो बर्फ कागदाचा? आणि ती कुडकुडत नव्हती? मग म्हणे, बरं झालं बाई, मी रोज तळमळायचे, एवढी माणसं भोवती आहेत आणि पोरीला बटणं लाव म्हणून कोणी सांगत कसं नाही.

शनिवारचा आठचा आम्ही अजून एकत्र बघतो, मी फोन टीव्हीसमोर पुस्तकांना टेकवून ठेवते, सांगलीत तेव्हा रविवारचे सकाळचे साडेसहा असतात, ती चहा घेऊन बसते. गैरसमजाच्या वेळी तिकडे दूधवाला येतो. ती पातेलं घेऊन उठते, सावकाश हिशोब करून येते, आणि येईपर्यंत काही बिघडलेलं नसतं.