शब्दचर्चा: 'स्वतंत्र चल' म्हणजे कशापासून स्वतंत्र?

प्रश्न: मुलगी आठवीत आहे, सेमी-इंग्रजीत. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यात 'इंडिपेंडंट व्हेरिएबल' आणि 'डिपेंडंट व्हेरिएबल' असे दोन रकाने आहेत. मराठीत कुठे स्वतंत्र चल–परतंत्र चल दिसतं, कुठे स्वाश्रयी–आश्रयी, मानसशास्त्रात तर 'परिवर्त्य'. यातलं काय लिहावं? आणि 'स्वतंत्र' ते नक्की कशापासून?

प्रतिसाद १: ताई, सगळेच शब्द चालतात, एका तक्त्यात एकच जोडी ठेवा म्हणजे झालं. मला 'आश्रयी' आवडतो, कारण कुणाच्या तरी आश्रयाने बदलणारं, हे त्यात ऐकू येतं; म्हणून इथे मी 'स्वतंत्र–आश्रयी' अशी जोडी वापरतो.

तुमचा दुसरा प्रश्न मोलाचा आहे. 'स्वतंत्र' ऐकलं की मुलांना वाटतं, या राशीवर कशाचाच परिणाम होत नसणार. तसं नाही. त्या प्रयोगात ती आपण ठरवतो, एवढाच अर्थ. आपल्याकडचंच घ्या. द्राक्षाच्या एका प्लॉटमध्ये काही ओळींना जीए (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवणारं संजीवक) १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), काहींना २०, काहींना ४० दिलं आणि पुढे व्हर्नियर कॅलिपरने मण्याचा व्यास मोजला. जीएची मात्रा आपण ठरवली, ती स्वतंत्र चल. व्यास मोजून मिळाला, तो आश्रयी. गोडी छाटणीची (फळांसाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीची) तारीख, पाणी, वेलीवरच्या घडांची संख्या सगळीकडे सारखी ठेवायची, ते नियंत्रित चल. एका ओळीत विरळणी (घडातले काही मणी काढणं) जास्त झाली, तर मणी जीएने फुगला की जागा मिळाली म्हणून, ते सांगता येणार नाही. म्हणून तक्त्यात नियंत्रित चलांचा तिसरा रकानाही ठेवा; मुलं तो घाईत भरतात आणि प्रयोग तिथेच फसतो.

प्रतिसाद २: एक भर घालतो. तीच राशी दोन्ही बाजूंना बसू शकते. छाटणीनंतर किती दिवसांनी किती ब्रिक्स (रसातल्या गोडीचं, म्हणजे साखरेचं माप) भरतो हे पाहिलं, तर ब्रिक्स आश्रयी. पण १८, २० आणि २२ ब्रिक्सची द्राक्षं वेगळी करून, प्रत्येकी सारखंच वजन एकाच शेडमध्ये वाळवलं आणि बेदाण्याचा उतारा मोजला, तर तोच ब्रिक्स स्वतंत्र. म्हणून 'ब्रिक्स हा कोणता चल?' असं विचारू नये, प्रयोग कोणता ते आधी विचारावं.

प्रश्नकर्ती: हे तिला लगेच कळलं. पण निफाडला (नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात) पारा खाली गेला की मणी तडकतात. थंडी तर कुणी ठरवत नाही. मग ती स्वतंत्र चल कशी?

प्रतिसाद १: बरोबर पकडलंत. तो प्रयोग नाही, निरीक्षण आहे. आलेख काढताना तापमान आडव्या अक्षावर घेतात, तडकलेल्या मण्यांचं प्रमाण उभ्या अक्षावर, आणि सोयीसाठी तापमानाला स्वतंत्र चल म्हणतात. पण तेवढ्यावरून थंडीच कारण ठरत नाही. आदल्या दिवशी बागेला पाणी दिलं होतं का, दव किती होतं, मण्यात साखर कितपत भरली होती, हेही त्याच वेळी बदललेलं असू शकतं. अशा तक्त्यात मुलीला रकान्यावर 'निरीक्षणातील चल' असं स्पष्ट लिहू द्या. परीक्षकांनी विचारलं तर कारण तिला स्वतःच सांगता येईल.