जुनं दुकान की नवी नोंदणी : नावावर हक्क कुणाचा?

रावपुराकर
बडोद्यात आमच्या नात्यातल्या एका फरसाणवाल्यांना वकिलाची नोटीस आली आहे. दुकान वडिलांच्या काळातलं, नाव आजीचं. पिवळ्या पाकिटावर लाल अक्षरांत तेच नाव. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीनं शेवटचं अक्षर तेवढं बदलून जवळजवळ तेच नाव ट्रेडमार्कच्या वर्ग ३० मध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांच्या एका वर्गात, नोंदवलं आणि आता म्हणतात, पाटी उतरवा, पाकिटं नष्ट करा, वर नुकसानभरपाई द्या.

माझं मत स्पष्ट आहे. नाव मोठं होतं ते गिऱ्हाइकाच्या तोंडी, सरकारी नोंदवहीत नाही. १९९९ चा ट्रेडमार्क कायदाही आधीपासून सलग नाव वापरणाऱ्याला कलम ३४ खाली संरक्षण देतो. मग नोंदणीचा कागद दाखवून जुन्या दुकानदाराला घाबरवायचं, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.

मांजलपूरचा व्यापारी
रावपुराकर, जुन्या दुकानांबद्दल मलाही आदर आहे, पण पटलं नाही. एकट्या माणसाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे, तीही एका वर्गासाठी. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण होतं. अर्ज मान्य झाला की ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये जाहीर होतो, हरकत घ्यायला ४ महिने मिळतात. एवढी दारं उघडी असताना दोन पिढ्या कुणी एकातूनही आत आलं नाही, त्याचा भार दुसऱ्यानं का उचलायचा?

नव्या माणसाच्या बाजूनं बघा. त्यानं नोंदवही तपासली, नाव मोकळं दिसलं, कर्ज काढून पॅकिंगचं मशीन घेतलं. वर्षभरानं कुणी येऊन म्हणतं, आम्ही आधीचे. त्यानं कुठे कुठे चौकशी करायची? गावोगावच्या पाट्या वाचत फिरायचं का?

रावपुराकर
पहाटे कढई चढवणाऱ्या माणसानं दर आठवड्याचं जर्नल वाचावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी वकील असतो, तो पाळत ठेवतो. आणि या कंपनीचा बडोद्यातला वितरक त्याच बाजारात माल टाकतो जिथे हे दुकान आहे. त्याला ही पाटी दिसली नसेल?

तमिळनाडूत तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या नावाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१५ च्या त्या निकालात न्यायालयानं स्वच्छ सांगितलं की आधीच्या वापरातून मिळालेला हक्क नोंदणीच्या हक्कापेक्षा वरचढ असतो.

औषधवाली
तुम्ही दोघं मालकांचंच बोलताय, विकत घेणाऱ्याचं काय? आपल्या बडोद्याच्या जिल्हा न्यायालयातूनच एक खटला वर गेला होता. कॅडिला नावाच्या जुन्या औषध कंपनीची वाटणी झाली आणि दोन्ही कंपन्यांनी कॅडिला हे नाव ठेवलं. पुढे एकीचं फाल्सिगो, दुसरीचं फाल्सिटॅब. दोन्ही औषधं फाल्सिपॅरम मलेरियावरची, पण घटक वेगळे. एक इंजेक्शन, दुसरी गोळी. बचाव असा की नावाची सुरुवात आजारावरून आली आहे आणि माल फक्त इस्पितळांना जातो, तिथे डॉक्टर फसत नाहीत. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खालच्या न्यायालयाला नव्या निकषांवर खटला चालवायला सांगितलं आणि बजावलं की घाईत डॉक्टर-फार्मासिस्टसुद्धा चुकू शकतात, म्हणून औषधांच्या नावांना कसोटी कडक हवी.

मी काउंटरवर उभी असते. डॉक्टरांचं अक्षर, फोनवरून आलेली ऑर्डर, मागे उभी असलेली रांग, यात एका अक्षराचा फरक कुठे लक्षात राहतो! त्यामुळे औषधात आधीचा कोण हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दोन सारखी नावं बाजारात नकोतच. फरसाणात तुमचा वाद चालू द्या.

नोंदणीचं काम करणारा
रावपुराकर, तुमची बाजू बरीच बळकट आहे, पण कलम ३४ साठी तुमचा वापर कंपनीच्या पहिल्या वापराच्याही आधीचा हवा आणि तिच्या नोंदणीच्याही. आणि सलग हवा. तोंडी सांगून चालत नाही. जुनी बिलबुकं, गुमास्ताधाऱ्याचा (दुकान कायद्याचा) परवाना, विक्रीकराची कागदपत्रं, वर्तमानपत्रातल्या दिवाळीच्या जाहिराती, सगळं काढा. कार्बन कॉपीच्या बिलावर दुकानाचं नाव, तारीख आणि जुना पाच आकडी फोन नंबर असेल तर फारच उत्तम.

नोटिशीला उत्तर द्याच. निराधार धमकीविरुद्ध कलम १४२ आहे, मात्र कंपनीनं खरोखर दावा लावला तर ते उपयोगी पडत नाही. आणि नोंदणी झालेलं नाव वापरात आहे हे माहीत असून सलग ५ वर्षं गप्प बसलात, तर कलम ३३ मुळे ती नोंदणी रद्द करून मागता येत नाही. तेव्हा आता लांबवू नका, स्वतःच्या नावाचाही अर्ज टाका.

मांजलपूरचा व्यापारी
कागद असतील तर त्यांनी रावपुऱ्यातलं दुकान त्याच नावानं चालवावं, एवढं मान्य. पण उद्या त्याच नावानं आणंद, सुरतला शाखा काढल्या तर? तिथे कंपनीनं पैसा ओतून गिऱ्हाईक तयार केलंय.

रावपुराकर
आणि बडोद्यात यांनी तयार केलेलं गिऱ्हाईक कंपनीनं ओढलं, ते चालतं? आणंदचे लोक लग्नाच्या खरेदीला बडोद्यात येतात आणि जाताना याच दुकानाची पाकिटं घेऊन जातात. तिथे शाखा काढायचा पहिला हक्क यांचाच. बिलबुकं माळ्यावरून काढली आहेत, सोमवारी वकिलाकडे देतोय. पाटी उतरणार नाही.