आइसलंड: सात दिवसांत पूर्ण प्रदक्षिणा की फक्त दक्षिण किनारा?

प्रश्न
सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही आई-वडिलांना घेऊन आइसलंडला जात आहोत. हाताशी सात दिवस आहेत. रेक्याविकहून गाडी भाड्याने घेऊन देशाला वळसा घालणारा सुमारे १,३०० किलोमीटरचा रस्ता पूर्ण करावा, की दक्षिणेतच राहावे? दोघांचेही गुडघे दुखतात, मात्र ज्वालामुखी आणि हिमनद्या जवळून पाहण्याची त्यांना फार ओढ आहे.

प्रतिसाद १
प्रदक्षिणा सात दिवसांत होते, पण निम्मा वेळ गाडीत जातो. माझ्या मते दक्षिणेतच राहावे आणि स्कायदारारसांदूर या काळ्या वाळूच्या मैदानावर आवर्जून उतरावे, कारण आग आणि बर्फ एकत्र आल्यावर काय घडते, ते तिथे डोळ्यांना दिसते. १९९६ च्या सप्टेंबरअखेर व्हात्नायोकुल या प्रचंड हिमाच्छादनाखाली उद्रेक झाला, वितळलेले पाणी ग्रिम्सव्होत्न या बर्फाखालच्या सरोवरात महिनाभर साचत राहिले आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते घराएवढे हिमखंड घेऊन या मैदानावर कोसळले. रस्त्यावरचे पूल वाहून गेले किंवा मोडले. त्यांतल्या एका पुलाच्या पिळवटलेल्या पोलादी तुळया आजही रस्त्याकडेला ठेवलेल्या आहेत. गाडी थेट त्यांच्याजवळ थांबते, त्यामुळे आई-वडिलांना चालावे लागणार नाही.

प्रतिसाद २
वरील मताशी मी सहमत आहे, जरी उत्तरेकडचा मिव्हात्न सरोवराचा परिसर सुटतो याची हळहळ वाटते. सप्टेंबरात वादळी वारे सुरू होतात. गाडीचे दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरावे, कारण वाऱ्याने बिजागरी उखडली तर ते नुकसान बहुतेक विम्यांत बसत नाही. ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ असते ते अंतर्भागातले असून त्यांवर चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडीच लागते. या वेळी तिकडे वळू नये.

प्रतिसाद ३
गुडघ्यांचा विचार करता योकुलसारलोन सर्वांत सोयीचे आहे. हिमनदीपासून तुटलेले निळसर हिमखंड तरंगत असलेले हे सरोवर मुख्य रस्त्याला लागूनच आहे, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर तेच तुकडे काळ्या वाळूत येऊन पडतात. रेनिसफियाराच्या किनाऱ्यावर मात्र आई-वडिलांना पाण्यापासून बरेच दूर उभे करावे, कारण शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक मोठी लाट आत शिरते आणि तिथे पर्यटक दगावले आहेत. परतताना वीक गावी मुक्काम ठेवावा. गावामागच्या मिर्दाल्सयोकुल या हिमाच्छादनाखाली कात्ला ज्वालामुखी आहे, ज्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ मध्ये झाला. मुक्कामी पोहोचल्यावर तिथला सुरक्षित जागी जाण्याचा मार्ग विचारून घ्यावा.