अनुदान सातबाऱ्याला की कसणाऱ्याला?

बांधकरी
काल एकांनी लिहिलं, "सातबारा ज्याचा तोच शेतकरी, मक्त्याने करणाऱ्याला कशाला पैसे?" वाचून राहवलं नाही. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि 'नमो शेतकरी'चे ६,००० दोन्ही सातबाऱ्यावरच्या खातेदारालाच. त्याहून मोठा अन्याय अतिवृष्टीत होतो. मदत हेक्टरी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००. मक्ता म्हणजे जमिनीचं भाडं पेरणीआधी रोख मोजायचं, बियाणं, डीएपी, फवारणी सगळं मक्तेदाराचं, पंचनामा त्याच्या सोयाबीनचा, आणि रक्कम पुण्यात राहणाऱ्या मालकाच्या आधार जोडलेल्या खात्यात! शेंगांना कोंब फुटले ते कुणाच्या?

सामाईक खातं
मालक म्हणजे चोर असं लिहू नका. विहीर, पाइपलाइन, सोसायटीचं कर्ज त्याच्याच डोक्यावर असतं. आणि पीएम किसान एकरावर नाही, कुटुंबावर आहे. नवरा, बायको, अज्ञान मुलं मिळून एकच हप्ता. अर्धा एकर असो की दहा, २,०००च. एकरावर पैसे वाटले तेलंगणाने. २०१८ च्या रयतू बंधूत हंगामाला एकरी ४,०००, जमिनीला वरची मर्यादा नाही, कसणाऱ्या कुळाला शून्य. राग काढायचा तर तिथे काढा.

दुय्यम प्रत
कसणाऱ्याला द्यायचं तर कागद कोणता? पीक विम्याला नोंदणीकृत भाडेकरार मागतात. मालक निबंधकाकडे येतच नाही, कारण कूळकायदा. १९४८ च्या कायद्याचं कलम ४ वाचा. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा घरचा किंवा मजूर नसेल तर कूळ मानला जातो. कलम ३२-ओ तर १ एप्रिल १९५७ नंतरच्या कुळालाही वहिवाट सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत खरेदीचा हक्क देतं. कोण सही करेल?

तूरहरभरा
३२-ओ सगळ्या महाराष्ट्राला लावू नका. तो पश्चिम महाराष्ट्र-कोकणाचा कायदा. विदर्भाला १९५८ चा आहे, मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा. अर्धवट वाचून लोकांना घाबरवणं बंद करा.

दुय्यम प्रत
अर्धवट कोण वाचतं ते राहू द्या. कायदे तीन आहेत हे मान्य. पण भीती तिन्हीकडे सारखी, म्हणून ठोका (रोख भाडं) असो की बटई (पिकात वाटा), व्यवहार तोंडीच होतो.

बांधकरी
त्यावर उपाय लिहून ठेवलेला आहे. नीती आयोगाचा २०१६ चा आदर्श भाडेपट्टा कायदा सांगतो की मुदत संपली की जमीन मालकाकडे परत, कूळहक्क नाही. कर्ज, विमा, आपत्तीची मदत मात्र कसणाऱ्याला. आंध्रने २०१९ मध्ये ११ महिन्यांचं कार्ड काढलं. ओडिशाने कालिया योजनेत बटईदार घेतले.

सामाईक खातं
आंध्रच्या कार्डावरही मालकाची संमती लागते. गाडी तिथेच अडते.

तूरहरभरा
संमतीशिवायही करता येईल. ई-पीक पाहणीला, म्हणजे पेरलेल्या पिकाची ॲपवर नोंद करायला, शेतात उभं राहून फोटो काढतो बटईदार, ॲपमध्ये निवडतो खातेदाराचं नाव. तिथेच 'प्रत्यक्ष कसणारा' असा एका हंगामापुरता रकाना द्या. पंचनाम्याची यादी त्यावरून काढा.

सामाईक खातं
आणि तीच नोंद उद्या वहिवाटीच्या दाव्यात पुरावा म्हणून येईल! सातबाऱ्यातल्या नमुना १२ च्या जुन्या पीकपाहणीवरून तहसीलमध्ये किती भांडणं चाललीत, माहीत आहे का? बाहेरगावचा मालक त्यापेक्षा जमीन पडीक ठेवेल. मग बटईदाराला ना मदत, ना शेत.

बांधकरी
पडीक ठेवण्याची धमकी दरवेळी येते. पण नोंदीचा मुद्दा खरा आहे, तेवढा मानतो. आधी कायद्यात घाला की या रकान्यावरून कूळ ठरणार नाही, मगच रकाना उघडा. तोवर मक्ता ठरवताना स्टॅम्पवर निदान एवढं लिहून घ्या: "विमा व नुकसानभरपाई मालकाच्या खात्यात आल्यास कसणाऱ्यास द्यावी."

दुय्यम प्रत
ती अटसुद्धा कूळ असल्याचा लेखी पुरावाच ठरते. मालकाचा वकील पहिल्यांदा तीच ओळ खोडायला लावेल.