मदत हवी आहे: उबुंटू २६.०४ आणि माझी प्रिंटची स्क्रिप्ट

मंडळी, राजारामपुरीत आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. काउंटरच्या पीसीवर उबुंटू २४.०४ (विंडोजऐवजी वापरतात ती लिनक्स सिस्टीम) आहे. २६.०४ मध्ये ग्नोमचं (उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं) झॉर्ग सेशन नाही, फक्त वेलँड. स्क्रीनवर विंडो दाखवायचं काम ही दोन्ही करतात; झॉर्ग जुनं, वेलँड नवं. जुनी ॲप्स एक्सवेलँडवर (वेलँडमध्ये झॉर्गची ॲप्स चालवणारी सोय) चालतील, त्याचं टेन्शन नाही. माझं घोडं अडलंय एक्सडूटूलपाशी, म्हणजे आपोआप कळा दाबणाऱ्या टूलपाशी. माझी स्क्रिप्ट त्यावरच चालते: एक कळ दाबली की सातबाऱ्याची पीडीएफ उघडते, प्रिंटची विंडो येते आणि एंटर आपोआप दाबला जातो. गिऱ्हाईक गाडी बंदसुद्धा करत नाही राव! पण वेलँडवर एका ॲपला दुसऱ्याच्या विंडोत अशी लुडबुड करता येत नाही.

कुणी वायडूटूल (वेलँडवरही चालणारं तसंच टूल) वापरलंय का? त्याचं डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) पीसी सुरू होतानाच चालू व्हावं यासाठी काय करता? की सरळ एक्सएफसीई (ग्नोमऐवजी दुसरा डेस्कटॉप) टाकून झॉर्गवरच राहू?