‘बार भरणे’, ‘हवा मारणे’ की नुसतं ‘रिलोड’?

खानापूर : ‘मेट्रो एक्झोडस’ हा व्हिडिओ गेम कसा खेळावा, याची माहिती मराठीत लिहितोय. बंदूक पुन्हा भरायच्या ‘रिलोड’ला ‘बार भरणे’ चालेल का? ठासणीच्या बंदुकीमुळे आमच्याकडं जुन्या माणसांच्या तोंडी तोच शब्द आहे.

उद्यमबाग, बेळगाव : नको. बार म्हणजे एका वेळेपुरती ठासलेली दारू, बोळा नि छर्रे. एकदा उडाला की संपला, म्हणून तर ‘फुसका बार’ म्हणतो. रायफलीला सरळ ‘मॅगझिन बदला’ लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात मॅगझिन कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुनळीला मात्र ‘काडतूस घाला’ हेच पाहिजे. काडतूस पोर्तुगीजांकडून आलेलं असलं तरी आता पक्कं आपलं आहे.

खरी अडचण ‘तिखार’ या हवेच्या बंदुकीची. तिथं कामं दोन आहेत : पोलादी गोळे घालणं आणि हातपंपानं दाब चढवणं. दोन्हीला ‘रिलोड’ लिहिलंत तर वाचणारा गोळे घालून मोकळा होईल, दाब उतरलेलाच राहील आणि नेम बरोबर असूनही मार हलका बसेल. बंदुकीवरच्या दाबमापकाचा काटा बघायला सांगा. त्या गोळ्यांना ‘छर्रे’ म्हणा, सायकलच्या बेअरिंगमधले असतात तसलेच ते. ते चालता चालता सॅकमधल्या सामानातून बनवता येतात, साध्या काडतुसांना वर्कबेंच, म्हणजे कामाचं टेबल लागतं. हा फरक माहितीत यायलाच हवा.

निपाणी : दाबाला ‘हवा मारणे’ उत्तम. कन्नडमध्येही ‘गाळी होडी’च म्हणतात, म्हणजे दोन्हीकडचा वाचणारा अडणार नाही. पण आपण हवाही मारतो, बॅटरीही मारतो आणि गोळीही मारतो. अंधाऱ्या बोगद्यात ‘आता मारा’ वाचून माणसानं काय करायचं?

खानापूर : मग ‘हवा भरा’ करू?

निपाणी : मग ‘छर्रे भरा’शी घोळ होतो. क्रियापदंच वाटून टाका : छर्रे घाला, हवा मारा, गोळी झाडा, बॅटरी लावा. बॅटरीचा चार्जर हातानं दाबायचा असतो, त्याला ‘चार्जर दाबा’.

चिकोडी : गॅस मास्कचा फिल्टर ‘चोंदला’ म्हणावं का?

उद्यमबाग, बेळगाव : धुळीची जाळी चोंदते. विषारी वायू शोषणारा कोळसा चोंदत नाही, त्याची शोषायची ताकद संपते आणि वायू सरळ आत येतो. गेममध्ये तर मनगटावरच्या घड्याळात उरलेला वेळच दिसतो, म्हणून ‘फिल्टर संपला’. मास्कच्या काचेला ‘तडा गेला’, त्यावर ‘पट्टी चिकटवा’. ‘चोंदणे’ बंदुकीसाठीही वापरू नका. धूळ-वाळूनं ती मळते, ऐन वेळी ‘अडकते’. वर्कबेंचवर साफ करायला रसायनं खर्ची पडतात, तेव्हा सगळी औषधं बनवण्यातच संपवू नका, हेही लिहा.

खानापूर : सुधारून असं केलं : ‘आत शिरण्याआधी घड्याळ बघा. फिल्टर संपत आला असेल तर आधी बदला. तिखारमध्ये छर्रे घाला. काटा चढेपर्यंत हवा मारा. बॅटरी बंद ठेवा, नेम धरा, मग झाडा. काटा खाली आला की पुन्हा हवा मारा.’

निपाणी : ‘मग झाडा’च्या आधी ‘गोळी’ घाला. नुसतं ‘झाडा’ वाचून केरसुणी आठवते.